प्रार्थना : मागणे आणि सोपवणे

नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या जुन्या महामार्गावर, कारंजा आणि मालेगाव यांच्या दरम्यान शेलूबाजार हे गाव लागते. वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील हे बाजाराचे गाव. सोयाबीन, तूर आणि कापूस यांवर जगणारी ही पंचक्रोशी पावसाकडे डोळे लावून बसलेली असते. गावाच्या आसपासचा प्रदेश निरनिराळ्या धर्मांच्या उपासनास्थानांनी गजबजलेला आहे. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, मंगरूळपीरला दर्गा, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचे जैन तीर्थ, तर पोहरादेवीला बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. प्रत्येक ठिकाणी हात जोडले जातात किंवा पसरले जातात आणि काहीतरी मागितले जाते.

या दाटीत ख्रिस्ती समाज संख्येने अगदीच अल्प आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यातला मोठा वाटा मुंबई, ठाणे, वसई आणि पुणे या पट्ट्यात आहे. वऱ्हाडात विखुरलेल्या कुटुंबांना मोठ्या चर्चचा, घंटांचा, शाळा-महाविद्यालयांचा आधार क्वचितच लाभतो. अशा ठिकाणी धर्म टिकतो तो मुख्यतः घरातल्या प्रार्थनेच्या बळावर. म्हणूनच ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यात प्रार्थना नेमके कोणते काम करते, हा प्रश्न महानगरातल्या भव्य चर्चपेक्षा अशा आडगावी अधिक स्वच्छपणे विचारता येतो. पाऊस पडला नाही, आजारी माणूस बरा झाला नाही, मागितलेले मिळाले नाही, तर प्रार्थनेचे काय उरते?

विश्वास म्हणजे भरवसा

मराठी ख्रिस्ती बोलीत 'श्रद्धा' या शब्दापेक्षा 'विश्वास' हा शब्द अधिक रुळला आहे. चर्चच्या सभासदाला 'विश्वासणारा' असे म्हटले जाते. या शब्दाची निवड अर्थपूर्ण आहे. एखादे तत्त्व खरे मानणे हा विश्वासाचा एक भाग झाला. पण त्याचा गाभा आहे भरवसा. लहान मूल वडिलांचे बोट धरून गर्दीतून चालते तेव्हा त्याला रस्ता ठाऊक नसतो. ज्याचे बोट धरले आहे तो ठाऊक असतो. ख्रिस्ती धर्मातील देवाची प्रमुख प्रतिमा पित्याची आहे, आणि येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेचा आरंभच पित्याला हाक मारून होतो.

ही प्रार्थना मत्तयकृत आणि लूककृत शुभवर्तमानांत आली आहे. जगभरचे बहुतेक सर्व ख्रिस्ती पंथ ती म्हणतात. तिची रचना पाहण्यासारखी आहे. आरंभी देवाच्या नावाचा, त्याच्या राज्याचा आणि त्याच्या इच्छेचा उल्लेख येतो. त्यानंतर रोजच्या भाकरीची मागणी येते. पुढे क्षमेची, आणि तीही इतरांना क्षमा करण्याच्या बांधिलकीसह. शेवटी मोहापासून आणि वाईटापासून सुटकेची विनंती. मागणी आहे, पण ती एका दिवसापुरत्या अन्नाची आहे. साठा, वैभव किंवा शत्रूचा पराभव यांचा तिथे मागमूस नाही. शिवाय संपूर्ण प्रार्थना 'आम्ही' या बहुवचनात आहे. एकट्याने खोलीचे दार लावून म्हटली तरी ती एकट्यासाठी म्हणता येत नाही.

चर्चमधील उपासनेत प्रार्थनेचे काही ठळक प्रकार मानले जातात : स्तुती, पापकबुली, उपकारस्तुती, स्वतःसाठी विनवणी आणि इतरांसाठी मध्यस्थी. कॅथलिक घरांत जपमाळेची प्रार्थना आणि रविवारची मिस्सा यांना महत्त्व असते; प्रॉटेस्टंट घरांत सकाळ-संध्याकाळी पवित्र शास्त्राचा एखादा उतारा वाचून, गीत गाऊन, आपल्या शब्दांत प्रार्थना करण्याची रीत दिसते. जेवणापूर्वी दोन वाक्यांत आभार मानणे ही तर लहान मुलाला शिकवली जाणारी पहिली प्रार्थना. पिके हाती आल्यावर अनेक मंडळ्यांत सुगीची उपकारस्तुती होते आणि धान्य, भाजीपाला, फळे चर्चमध्ये आणून वाहिली जातात. या साऱ्या प्रकारांत मागणे हा पाचांतला एक भाग आहे. उरलेले चार भाग माणसाला मागण्याच्या पलीकडे नेतात.

न मिळालेल्या उत्तराचा प्रश्न

तरीही माणूस मागतोच. बायबलही त्याला मागू नको असे सांगत नाही. मात्र त्याच ग्रंथात न मिळालेल्या मागण्यांची नोंदही तितक्याच स्पष्टपणे आढळते. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशू स्वतः प्रार्थना करतो. समोर दिसणारे दुःख टळावे, अशी त्याची विनंती आहे. पण आपल्या नव्हे तर पित्याच्या इच्छेप्रमाणे व्हावे, असेही तो म्हणतो. दुःख टळत नाही. प्रेषित पौलाला शरीरात सलणाऱ्या कुठल्याशा काट्याने त्रस्त केले होते. तो दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केल्याचे करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात येते. काटा निघाला नाही. तो सोसण्याइतकी कृपा मिळेल, एवढेच उत्तर आले. ईयोबाच्या पुस्तकात तर निरपराध माणूस देवाशी भांडतो, आणि त्याची समजूत घालायला आलेले पोक्त मित्रच अखेरीस चुकीचे ठरतात. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रे तक्रारीची, विलापाची आहेत.

यावरून एक गोष्ट ठरते. ख्रिस्ती परंपरेत प्रार्थना म्हणजे देवाकडून काम करवून घेण्याचे तंत्र नव्हे. तंत्र असते तर योग्य शब्द, योग्य वेळ आणि पुरेसा विश्वास यांचे गणित जुळताच फळ मिळायला हवे होते. फळ न मिळाल्यास दोष मागणाऱ्याच्या विश्वासात आहे, असे म्हणावे लागले असते. काही प्रचारक असे म्हणतातही, आणि त्याने आधीच खचलेल्या कुटुंबावर अपराधाचे आणखी एक ओझे चढते. ज्या धर्माच्या संस्थापकाचीच कळकळीची विनंती अमान्य झाली, त्या धर्मात असा हिशेब टिकणे कठीण आहे. प्रार्थनेत माणूस मागतो आणि मागून झाल्यावर सोपवतो. मागणे सोपे असते. सोपवणे हे आयुष्यभराचे शिक्षण आहे.

मराठी मातीतली प्रार्थना

मराठी वाचकाला ही भूमिका परकी वाटण्याचे कारण नाही. देवाशी सलगीने बोलणे, रुसणे, भांडणे आणि शेवटी त्याच्या पायी भार टाकणे हे वारकरी संतांनी शतकानुशतके केले आहे. ख्रिस्ती प्रार्थना मराठीत आली तीही या भाषेचे वळण घेऊनच. इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात राहून ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. ख्रिस्ताची कथा सांगताना त्यांनी इथल्या पुराणांचा घाट स्वीकारला, ही गोष्ट लक्षणीय आहे.

पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी हे नाते अधिक दृढ केले. १८६१ मध्ये जन्मलेल्या टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. धर्म बदलला, पण संतांचे बोट त्यांनी सोडले नाही. तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांच्या जागी त्यांनी अभंग आणि भजने लिहिली. मराठी प्रॉटेस्टंट चर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांना मानाचे स्थान आहे. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे ठेवून १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले. ते पुढे नेण्याचे काम त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी केले.

लक्ष्मीबाईंची कहाणी विश्वासाच्या दृष्टीने अधिक बोलकी ठरते. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आभाळ कोसळले. कित्येक वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. त्यांचे मनःपरिवर्तन कुणाच्या आग्रहाने झाले नाही. सोवळ्याओवळ्याच्या कल्पना एकेक करून गळून पडल्या आणि मग त्या आपल्या वाटेने पुढे आल्या. 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मचरित्रात हा प्रवास विनोदाच्या अंगाने उतरला आहे. विश्वास एका क्षणात वीज चमकावी तसा येतो, हा समज त्या पुस्तकाच्या वाचनाने दूर होतो. बहुतेकांच्या बाबतीत तो संसाराच्या रामरगाड्यात, हळूहळू मुरत जातो.

गुडघे आणि हात

प्रार्थना करणारा माणूस कृतीपासून पळ काढतो, हा आक्षेप जुना आहे. तो काही वेळा खराही असतो. त्याला मराठी मुलुखातले सर्वात ठोस उत्तर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात मिळते. १८५८ मध्ये जन्मलेल्या रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण दुष्काळाच्या काळातील उपासमारीला बळी पडले होते. तीर्थयात्रा, व्रते, दानधर्म सारे करूनही त्यांच्या कुटुंबाच्या पदरी काही आले नव्हते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण बुद्धी गहाण टाकली नाही. चर्चमधील अधिकारी व्यक्तींशी त्यांनी पत्रांतून सिद्धांतांवर निर्भीड वाद घातले. प्रश्न विचारणे आणि विश्वास ठेवणे यांत त्यांना विरोध दिसला नाही.

मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे ते पुण्यास हलले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो निराधार मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले. तिथे पहाटे सामुदायिक प्रार्थना होत असे, आणि दिवसभर शेती, विणकाम, छपाई, शिक्षण असे काम चालत असे. १९०५ मध्ये केडगावला झालेल्या आध्यात्मिक पुनरुज्जीवनाची वार्ता जगभर गेली. त्या वर्षाच्या आरंभापासून तिथे नित्य प्रार्थनेसाठी स्त्रिया एकत्र जमत होत्या. पण त्या सभांमुळे चूल, माग आणि छापखाना थांबला नाही. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर केले. १९२१ मध्ये त्यांची एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. या आघातानंतरही भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्यांचे देहावसान झाले. मुलीसाठी त्या मातेने प्रार्थना केली नसेल, असे कोण म्हणेल? ती वाचली नाही, तरी हातातले काम सुटले नाही. सोपवणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, हा त्यांच्या चरित्राचा धडा आहे.

औषध आणि विनवणी

विश्वासाची खरी कसोटी आजारपणात लागते. शेलूबाजारसारख्या गावात रात्री-अपरात्री कुणी अत्यवस्थ झाले की वाशीम किंवा अकोला गाठावे लागते. गाडी मिळेपर्यंतचा तो वेळ कुठल्याही धर्माच्या घरात प्रार्थनेचाच असतो. मात्र प्रार्थना करायची आणि गाडीही बोलवायची, की प्रार्थना करत थांबायचे, यावर एका जिवाचे भवितव्य ठरू शकते.

या प्रश्नाचे उत्तर याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. वाशीमचे नाव इंग्रजी अमदानीत 'बासीम' असे लिहिले जाई. १९३६ साली भारतात आलेल्या डॉ. ऑर्फा स्पायकर या मिशनरी डॉक्टरांनी नाझरीन मिशनच्या वतीने तिथे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल उभे केले. साधनांची वानवा असलेल्या त्या भागात बाळंतपणे, शस्त्रक्रिया आणि साथीचे आजार यांच्याशी या रुग्णालयाने झुंज दिली. त्यामागची प्रेरणा धार्मिक होती, यात शंका नाही. पण प्रार्थना करणाऱ्या त्या लोकांनी रोग्याच्या उशाशी बसून केवळ डोळे मिटले नाहीत. त्यांनी शस्त्रक्रियागृह बांधले.

महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांचे रुग्णालय १८९४ पासून दक्षिण महाराष्ट्राचे आधारस्थान ठरले. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातल्या निरक्षर, बहुतांशी दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवणारा हा प्रयोग जगभर अभ्यासला गेला. १९७९ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. देवाची इच्छा पूर्ण होवो, अशी प्रार्थना रोज करणाऱ्याने ती इच्छा पूर्ण होण्यासाठी आपल्या वाट्याचे काम उचलायचे असते, ही त्यामागची धारणा.

म्हणूनच 'प्रार्थनेने बरे करतो, औषधे थांबवा' असे सांगणारा कुणीही, तो कोणत्याही धर्माचे नाव घेवो, विश्वासाची नव्हे तर फसवणुकीची भाषा बोलत असतो. महाराष्ट्रात २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्राचे उपाय करणे हा गुन्हा ठरवला आहे. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींना आळा घालणारा केंद्राचा कायदा तर १९५४ पासून आहे. प्रार्थनेला या कायद्यांची आडकाठी नाही. आडकाठी आहे ती उपचार रोखण्याला आणि लोकांच्या अगतिकतेचा व्यापार मांडण्याला.

प्रयोगशाळेतली प्रार्थना

प्रार्थनेचा परिणाम मोजण्याचे प्रयत्नही झाले आहेत. त्यांपैकी सर्वात गाजलेला प्रयोग अमेरिकेत डॉ. हर्बर्ट बेन्सन यांच्या नेतृत्वाखाली झाला आणि त्याचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा रुग्णालयांतील हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. पहिल्या दोन गटांना आपल्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणारही नाही, असे सांगितले होते. प्रत्यक्षात त्यांतील एकासाठीच ती करण्यात आली. तिसऱ्या गटाला प्रार्थना होणार असल्याची खात्री देण्यात आली होती. प्रार्थना झालेल्या पहिल्या गटातील ५२ टक्के, तर न झालेल्या दुसऱ्या गटातील ५१ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली. फरक नगण्य. खात्री दिलेल्या गटात मात्र हे प्रमाण ५९ टक्के निघाले. आपल्यासाठी प्रार्थना करावी लागते इतके आपण गंभीर आहोत की काय, या धास्तीचा तो परिणाम असावा, असा एक तर्क त्यावर मांडला गेला.

अनोळखी माणसांनी ठरावीक शब्दांत केलेल्या प्रार्थनेने शस्त्रक्रियेचा निकाल बदलत नाही, असे हा प्रयोग सांगतो. विश्वासणाऱ्याने हे मान्य करण्यात कमीपणा नाही. देवाची परीक्षा पाहू नये, हे तर शुभवर्तमानातच येशूच्या मोहाच्या प्रसंगी आले आहे. पण प्रार्थनेचे जे काम आकड्यांत मावत नाही, त्याबद्दल हा प्रयोग काही बोलत नाही. भीतीने थरथरणारा माणूस शांत कसा होतो, रागाने पेटलेला क्षमेच्या शब्दापाशी का अडखळतो, शेजाऱ्याचे नाव रोज प्रार्थनेत घेणारा एके दिवशी त्याच्या दारात मदतीला कसा उभा राहतो, हे मोजण्याचे मापदंड वेगळे आहेत. इतरांसाठी मध्यस्थी करताना सर्वात आधी बदल होतो तो मध्यस्थाच्या मनात.

शांत मनाचे पुढचे पाऊल

वसईच्या मराठी ख्रिस्ती समाजातून आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या जीवनात याचे अलीकडचे उदाहरण दिसते. 'सुबोध बायबल'चे लेखक, 'सुवार्ता' मासिकाचे संपादक आणि २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ही त्यांची ओळख सर्वांना आहे. पण रोजची मिस्सा अर्पण करणारा हाच धर्मगुरू हरित वसईच्या रक्षणासाठी रस्त्यावरही उतरला होता. २०२४ मध्ये ते निवर्तले तेव्हा त्यांच्यामागे हळहळणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक होते. प्रार्थना माणसाला आपल्या कळपात कोंडत असेल तर तिच्यात काहीतरी कमी आहे, आणि ती त्याला कळपाबाहेर नेत असेल तर ती योग्य दिशेने चालली आहे, असे म्हणता येईल.

ख्रिस्ती माणसाच्या आयुष्यात विश्वास हा पायासारखा असतो. तो दिसत नाही, पण भार पेलतो. प्रार्थना ही त्या पायावरची रोजची ये-जा आहे. पाऊस वेळेवर पडेल, भाव मिळेल, दुखणे जाईल, याची हमी ती देत नाही. कोरडवाहू शेती करणाऱ्या वऱ्हाडातल्या माणसाला हमीचा फोलपणा वेगळा सांगावा लागत नाही. त्याला हवे असते ते पुन्हा पेरणी करण्याचे बळ. उत्तर न मिळालेल्या प्रार्थनेनंतरही जो दुसऱ्या दिवशी सकाळी उठतो, आजाऱ्याला दवाखान्यात नेतो, शेजाऱ्याशी झालेला तंटा मिटवतो आणि त्या दिवसापुरती भाकर मागून कामाला लागतो, त्याच्यापुरते तरी प्रार्थनेने आपले काम केलेले असते.